एका 'तृतीयपंथी'त किती जण कोंबणार?

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या बातम्या मराठी दैनिकांत आता बऱ्याच येतात आणि त्यांतल्या बहुतेक सहानुभूतीने लिहिलेल्या असतात. तरीही पुष्कळदा बातमी वाचून संपते आणि ती नेमकी कोणाची होती हे कळत नाही. कारण शब्द एकच: तृतीयपंथी. घराण्यात गुरूकडे राहणारी चेली, यल्लम्माचा जोगता, मुलगी म्हणून जन्मनोंद झालेला आणि आज पुरुष म्हणून नोकरी करणारा तरुण, जन्मतः वेगळी शरीररचना असलेले अर्भक, सगळे त्याच एका पोत्यात. भाषांतर, कायदा आणि समुपदेशन अशा तीन बाजूंनी या शब्दांशी आमचा रोजचा संबंध येतो. उपसंपादकांच्या टेबलावर काय करता येईल, एवढेच या पत्रात मांडले आहे. पत्र लांबले आहे. काटछाट करावी लागली तर व्याकरणाचा भाग तेवढा राखावा.

आधी 'तृतीयपंथी' हा शब्दच घेऊ. तो टाकाऊ आहे असे आम्ही म्हणत नाही. राज्य शासनाच्या कल्याण मंडळाच्या नावात तो आहे, २०२४ च्या राज्य धोरणाच्या नावात आहे आणि महाराष्ट्रात अनेक जणी स्वतःची ओळख त्याच शब्दाने करून देतात. पण त्यात 'पंथ' आहे, आणि पंथात माणूस दाखल होतो. हिजडा घराण्यांना हे चपखल बसते. तिथे गुरू करावा लागतो, रीत होते, चेला म्हणून नाव लागते, इलाके ठरलेले असतात, नियम मोडला तर दंड बसतो. ज्या व्यक्तीने असा गुरू कधी केलाच नाही, तिला पंथी म्हणणे म्हणजे वारीला न गेलेल्याला माळकरी म्हणण्यासारखे आहे. ट्रान्स पुरुष, म्हणजे जन्मनोंद मुलगी अशी झालेला पुरुष, तर या शब्दात पुरता हरवतो. 'तृतीयपंथी' वाचले की डोळ्यांपुढे साडी आणि टाळी येते. दाढी राखलेला, बँकेच्या रांगेत उभा असलेला माणूस येत नाही. त्यामुळे ट्रान्स पुरुषावर बातमी करायची वेळ आली की शीर्षकात 'तरुणी झाली तरुण' असले काहीतरी उगवते.

आमचे मत असे, की ज्या व्यक्ती स्वतःला तृतीयपंथी म्हणवतात त्यांच्यासाठी तो शब्द जरूर वापरावा. एकूण वर्गाबद्दल लिहिताना 'ट्रान्सजेंडर व्यक्ती' किंवा 'पारलिंगी व्यक्ती' म्हणावे, आणि एका माणसाबद्दल लिहिताना 'ट्रान्स स्त्री' की 'ट्रान्स पुरुष' हे स्पष्ट करावे. ट्रान्सजेंडर हा इंग्रजी शब्द आहे, मान्य. पण कॅन्सर, पेन्शन आणि व्होटिंग मशीन पचवलेल्या भाषेला तो जड जाऊ नये. 'पारलिंगी' शब्द छान घडवलेला आहे, मात्र अजून सगळ्या वाचकांच्या ओळखीचा झालेला नाही. पहिल्या उल्लेखात दोन्ही शब्द एकदा शेजारी-शेजारी द्यावेत, मग निर्धास्तपणे एक वापरावा.

'हिजडा' शब्दाचे काय करायचे, असा प्रश्न वार्ताहर नेहमी विचारतात. २०१९ च्या ट्रान्सजेंडर व्यक्ती हक्क संरक्षण कायद्याच्या मूळ व्याख्येत किन्नर, हिजडा, अरवानी आणि जोगता ही चार नावे स्पष्टपणे लिहिलेली होती. म्हणजे हे एका समुदायाचे नाव आहे आणि मराठीत ती शिवीसुद्धा आहे, दोन्ही खरे. 'हिजडा समुदाय', 'हिजडा घराणे' असे समुदायाचे नाव म्हणून लिहायला हरकत नाही. भ्याडपणा दाखवायला विशेषण म्हणून तो कधीच येऊ नये. 'छक्का' आणि 'बायल्या' यांना मात्र दुसरी बाजू नाही. कोणाच्या तोंडचे वाक्य देणे बातमीसाठी अगदी आवश्यक असेल तरच ते अवतरणात यावेत. 'किन्नर' हिंदीतून आला. आपल्याकडे यक्ष, गंधर्व, किन्नर या ओळीत तो स्वर्गातल्या गवयांचा शब्द होता. काहींना तो आवडतो, काहींना तो उगाच सोवळा वाटतो. तेव्हा ज्यांच्याबद्दल लिहायचे त्यांनाच विचारावे. आणि जोगता म्हणजे सरसकट ट्रान्स स्त्री असेही समजू नये. जोगतिणी असतात, पुरुष म्हणूनच जगणारे जोगते असतात, आणि साडी नेसून देवीचा 'जग' (देवीची मूर्ती असलेली टोपली) डोक्यावर घेणारे जोगतेही असतात. सौंदत्तीच्या यल्लम्मा यात्रेच्या छायाचित्राखाली 'तृतीयपंथी भाविक' अशी ओळ टाकण्याआधी एवढे तरी तपासावे.

आता एक सापळा, ज्यात भले भले अडकतात. २०१९ च्या कायद्याचे अधिकृत हिंदी नाव 'उभयलिंगी व्यक्ति (अधिकारों का संरक्षण) अधिनियम' असे आहे. दिल्लीहून हिंदी प्रसिद्धिपत्रक येते, घाईत त्याचे मराठी होते आणि 'उभयलिंगी व्यक्तींसाठी योजना' असे शीर्षक छापून जाते. मराठी शाळेत शिकलेल्या माणसाला उभयलिंगी म्हटले की गांडूळ आठवते, नाही तर जास्वंदीचे फूल. शिवाय स्त्री आणि पुरुष या दोघांविषयी आकर्षण वाटणाऱ्या व्यक्तीसाठीही मराठीत हाच शब्द रूढ आहे. एका शब्दाने तीन अर्थ, आणि त्यांत ट्रान्सजेंडर हा एकही नाही. हिंदी पत्रकातला हा शब्द मराठीत येताना दर वेळी बदललाच पाहिजे.

'इंटरसेक्स' किंवा आंतरलिंगी हे आणखी वेगळे प्रकरण. गुणसूत्रे, संप्रेरके किंवा जननेंद्रिये यांची रचना जन्मतःच ठरावीक स्त्री वा पुरुष साच्यात न बसणे, हा शरीराचा विषय झाला. ट्रान्सजेंडर हा स्वतःच्या लिंगभावाच्या, म्हणजे मी स्त्री, पुरुष की आणखी कोणी या जाणिवेचा विषय आहे. मूळ कायद्याने दोघांना एकाच व्याख्येत घातल्यामुळे गोंधळ वाढला, पण बातमीने तो आणखी वाढवायचे कारण नाही. धावपटू द्युती चंद हिला २०१४ मध्ये शरीरातील टेस्टोस्टेरॉनच्या पातळीवरून राष्ट्रकुल स्पर्धेच्या संघातून वगळले गेले आणि २०१५ मध्ये क्रीडा लवादाने तो नियम स्थगित केला. त्या सगळ्या वादात ट्रान्सजेंडर हा मुद्दाच नव्हता. तिच्या बाबतीत तो शब्द वापरणे ही सरळ माहितीची चूक ठरते. रुग्णालयातून नवजात अर्भकाची बातमी येते तेव्हाही तेच. 'तृतीयपंथी बाळ' असे काही नसते. बाळाची शरीररचना वेगळी असू शकते. पुढे त्याची जाणीव काय असेल, हे अजून त्या बाळालाही ठाऊक नाही. अशा अर्भकांवर केवळ साच्यात बसवण्यासाठी शस्त्रक्रिया करू नयेत, असे मद्रास उच्च न्यायालयाने २२ एप्रिल २०१९ च्या निकालात बजावले आणि त्याच वर्षी तामिळनाडू सरकारने, जिवाला धोका असेल तेवढी परिस्थिती वगळून, त्यांवर बंदी घातली.

'नपुंसक' आणि 'षंढ' हे शब्द इंग्रजी निकालपत्रांच्या भाषांतरातून घुसतात. जुन्या इंग्रजी कायद्यांत 'युनक' (eunuch) हा जो शब्द होता त्याला शब्दकोशात हेच प्रतिशब्द सापडतात. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या दुसऱ्या भागात याच शब्दाखाली माणसांची नावे पोलिसांच्या नोंदवहीत चढवली जात. इतिहासाबद्दल लिहिताना हे सांगायला हवे. आजच्या माणसाबद्दल लिहिताना नको. जाता जाता: ज्या अंकात आतल्या पानावर तृतीयपंथीयांच्या सन्मानाची बातमी असते, त्याच अंकाच्या अग्रलेखात 'षंढ प्रशासन' भेटते. तेवढे जमले तर पाहावे.

व्याकरणाकडे येतो, कारण खरी अडचण तिथेच आहे आणि इंग्रजी मार्गदर्शिका तिथे काडीचीही मदत करत नाहीत. मराठीत क्रियापदालाही लिंग लागते. सर्वनाम टाळले तरी 'आला-आली-आले' टळत नाही. साधा नियम असा, की ट्रान्स स्त्रीसाठी 'त्या आल्या', ट्रान्स पुरुषासाठी 'ते आले', आणि हे संपूर्ण बातमीत. पहिल्या परिच्छेदात 'त्या' आणि पोलिसांचे म्हणणे सुरू झाले की 'त्याला ताब्यात घेतले', असे वारंवार होते, कारण मधला मजकूर फिर्यादीतून उचललेला असतो. शीर्षक एकाने, बातमी दुसऱ्याने आणि छायाचित्रओळ तिसऱ्याने लिहिल्यावर एकाच पानावर एकाच व्यक्तीची तीन लिंगे होतात.

संभाषणातली वाक्ये देताना जपावे लागते. 'मी गेले' असे व्यक्ती म्हणाली असेल तर उपसंपादकाने ते 'मी गेलो' करू नये. पण उलटे गणितही मांडू नये. कोल्हापूरकडे बायका सर्रास 'मी येतो', 'मी आलो' म्हणतात. तेव्हा तिकडच्या ट्रान्स स्त्रीने 'मी आलो' म्हटले तर तो तिच्या लिंगभावाचा पुरावा होत नाही, गावचा पुरावा होतो. बोललेले वाक्य जसेच्या तसे ठेवावे आणि निवेदनात तिने सांगितलेले रूप वापरावे.

ज्या व्यक्ती स्वतःला स्त्री वा पुरुष यांपैकी काहीच म्हणवत नाहीत, त्यांच्यासाठी काही जण नपुंसकलिंग सुचवतात. ते करू नये. मराठीत माणसाला नपुंसकलिंग लागते ते लहान पोराला, नाही तर हिणवताना: ते कार्टं, ते येडं. अडचण अशी, की अनुस्वार गेल्यापासून छापील प्रमाण मराठीत 'ते आले' हे आदरार्थी पुल्लिंगही असते आणि एकवचनी नपुंसकलिंगही. बोलताना 'ते आले' आणि 'ते आलं' वेगळे ऐकू येते, छापल्यावर येत नाही. म्हणून पहिल्या उल्लेखात पूर्ण नाव आणि 'यांनी' घालून आदरार्थी अनेकवचन पक्के करावे.

आणि इथे मराठीने एक सोय करून ठेवली आहे. सकर्मक क्रियापदाच्या भूतकाळात कर्त्याचे लिंग दिसत नाही. 'त्यांनी सांगितले', 'त्यांनी अर्ज भरला', 'त्यांनी निवडणूक लढवली' यांत स्त्री की पुरुष हे कळत नाही. बातमीतला खलनायक 'म्हणाले-म्हणाल्या' आहे. त्याच्या जागी 'यांनी सांगितले' घातले, 'गेल्या होत्या' ऐवजी 'यांनी भेट दिली' केले, तर अर्धी बातमी आपोआप सुटते. भविष्यकाळी 'येतील', 'बोलतील' ही रूपेही सगळ्यांना सारखीच. 'त्यांना', 'त्यांचे', 'त्यांच्याकडे' यांनाही लिंग चिकटत नाही. लेखणी अडखळते ती 'आहे' बरोबर येणाऱ्या विशेषणांशी: 'चांगला वक्ता', 'पहिली उमेदवार'. तिथे वाक्य फिरवावे लागते. दोन मिनिटे जातात, जास्त नाही.

'जन्मतः पुरुष असलेल्या' ही शब्दयोजनाही बदलायला हवी. जन्माच्या वेळी होते ती नोंद, म्हणून 'जन्मनोंद पुरुष अशी झालेल्या' म्हणावे. आणि तेही बातमीला गरज असेल तरच. शाळेच्या दाखल्यावरून वाद असेल तर ती नोंद सांगावी लागेल. रस्त्यावरच्या अपघाताच्या बातमीत तिचे काही काम नाही. 'लिंगबदल' हा शब्द दोन गोष्टींसाठी वापरला जातो आणि दोन्हीकडे गोंधळ घालतो. एक शस्त्रक्रिया, दुसरी कागदपत्रांतली दुरुस्ती. शस्त्रक्रिया ही एक नसते, अनेक असतात. त्या सगळ्यांना हव्या असतात असे नाही, सगळ्यांना परवडतात असेही नाही, आणि काही जण फक्त संप्रेरके घेतात किंवा तीही नाहीत. म्हणून 'शस्त्रक्रिया करून स्त्री झाली' या वाक्यात कार्यकारणच उलटे आहे. स्वतःला स्त्री समजते म्हणून ती शस्त्रक्रियागृहापर्यंत पोहोचली. 'हा मानसिक आजार आहे का' अशा चौकटी अजून छापल्या जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजार-वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत, जी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली, हा विषय मानसिक विकारांच्या प्रकरणातून काढून लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात नेला आहे. वैद्यकीय नोंद आणि उपचार सुरू राहावेत म्हणून तो वर्गीकरणात ठेवला. विकार हा शिक्का मात्र पुसला.

शब्द चुकला की कागद कसा चुकतो, याची दोन उदाहरणे शेजारी ठेवण्यासारखी आहेत. मध्य प्रदेशातील कटनीच्या महापौरपदी हिजडा समुदायातील कमला जान निवडून आल्या. जागा महिलांसाठी राखीव होती. त्या कायद्याने पुरुष आहेत असे धरून न्यायालयाने निवड रद्द ठरवली. जळगाव जिल्ह्यातील भादली बुद्रुक ग्रामपंचायतीच्या २०२१ च्या जानेवारीतल्या निवडणुकीत ट्रान्स स्त्री अंजली पाटील यांचा अर्ज महिला प्रभागातून लढता येणार नाही म्हणून फेटाळला गेला. त्या मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात गेल्या, न्यायालयाने त्यांना स्त्री म्हणून लढू दिले आणि त्या निवडूनही आल्या. मधल्या काळात १५ एप्रिल २०१४ चा सर्वोच्च न्यायालयाचा नालसा निकाल (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या याचिकेवरचा) आला होता; त्यात व्यक्तीने स्वतः ठरवलेला लिंगभाव मान्य करावा आणि त्यासाठी शस्त्रक्रियेची अट घालू नये, असे स्पष्ट म्हटले आहे. अशा वेळी 'तृतीयपंथी उमेदवाराचा विजय' हे शीर्षक अर्धेच राहते. महिला प्रभागातून स्त्री म्हणून लढण्याचा हक्क मिळाला, ही खरी बातमी होती. आणि 'देशातील पहिल्या' हे शब्द टंकताना हात आखडावा: मध्य प्रदेशातील सोहागपूरमधून शबनम मौसी त्याच्या कितीतरी आधीच आमदार झाल्या होत्या.

अंजली पाटील यांच्या पूर्ण नावात गुरूचे नाव वडिलांच्या नावाच्या जागी येते. घराण्यातल्या अनेकींची नावे अशीच असतात. उपसंपादकाला ते चुकीचे वाटते, मग तो मधले नाव गाळतो किंवा जन्मदात्या वडिलांचे नाव शोधून घालतो. दोन्ही नको.

लग्नाच्या बातम्यांत हमखास होणारी चूक म्हणजे ट्रान्स स्त्री आणि पुरुष यांच्या विवाहाला 'समलैंगिक विवाह' म्हणणे. लिंगभाव म्हणजे मी कोण; लैंगिक कल म्हणजे मला कोण आवडते. सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात समलैंगिक विवाहाला कायदेशीर मान्यता दिली नाही, पण स्त्री-पुरुष नात्यातील ट्रान्सजेंडर व्यक्तींना प्रचलित कायद्यांखाली लग्न करता येते असे म्हटले. शब्दांची अदलाबदल झाली तर कायदेशीर लग्न बातमीपुरते बेकायदा होऊन बसते.

आकड्यांबद्दल थोडेच. 'राज्यात ४०,८९१ तृतीयपंथी' हा आकडा २०११ च्या जनगणनेतला आहे आणि देशाचा ४,८७,८०३. तो तृतीयपंथीयांचा नाही, 'इतर' या रकान्याचा आहे. देशाच्या आकड्यात सहा वर्षांपर्यंतची ५४,८५४ मुले आहेत; त्यांच्या बाबतीत ते उत्तर अर्थातच घरातल्या मोठ्यांनी दिलेले. शिवाय जी ट्रान्स स्त्री 'स्त्री' रकान्यात मोजली गेली, ती यात नाहीच. आकडा द्यावा, पण 'इतर' म्हणूनच.

तामिळनाडूने यातले बरेच काम सरकारी पातळीवर केले. तिथे ट्रान्स स्त्रीसाठी तिरुनंगै, ट्रान्स पुरुषासाठी तिरुनंबी अशी जोडी रुळली आहे, आणि मद्रास उच्च न्यायालयात चाललेल्या एका प्रकरणानंतर २०२२ मध्ये राज्याने अशा शब्दांची सूची राजपत्रात प्रसिद्ध केली. मराठीत तशी सूची निघेपर्यंत एखाद्या दैनिकाने आपली दोन पानी शब्दावली केली तरी पुष्कळ झाले. फीचर लेखांची सुरुवात दर वेळी शिखंडी, बृहन्नडा आणि अर्धनारीनटेश्वर यांच्यापासून करायची नाही, हेही त्यात घालून टाकावे. पिंपरी-चिंचवड महापालिकेने २०२२ मध्ये सुरक्षारक्षक आणि ग्रीन मार्शल म्हणून ट्रान्सजेंडर व्यक्तींना कामावर घेतले, त्या बातमीत वाचकाला पगार, कामाची पाळी आणि कंत्राट किती महिन्यांचे हे हवे असते. महाभारत त्याला ठाऊक आहे.

वार्ताहराने व्यक्तीला विचारायचे ते असे: कोणते नाव छापू, 'त्या' लिहू की 'ते', स्वतःसाठी कोणता शब्द वापरता, आणि घरी व कामाच्या ठिकाणी हे माहीत आहे का. शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, आणि तोच राहून जातो. तालुका, आडनाव आणि व्यवसाय एवढे छापले तरी गावाला माणूस कळतो. जुने नाव पोलिसांच्या कागदात असते, म्हणून ते छापायलाच हवे असे नाही. खून झालेल्या व्यक्तीच्या बाबतीत तर विचारायला तीही नसते. तेव्हा घरच्यांनी सांगितलेल्या नावाबरोबरच, तिच्यासोबत राहणारी माणसे तिला कोणत्या नावाने हाक मारत होती, ते विचारावे.

एक तांत्रिक गोष्ट. बातमीतून जुने नाव काढण्याची विनंती आली, की संकेतस्थळावर शीर्षक आणि मजकूर बदलतात. बातमीच्या दुव्यात मात्र ते नाव रोमन अक्षरांत तसेच राहते, छायाचित्राच्या फाइलला दिलेल्या नावात राहते आणि ई-पेपरच्या पानात तर राहतेच. नोकरीच्या मुलाखतीआधी कोणी शोध घेतला की सर्वांत वर तेच दिसते. दुवा नव्याने तयार करून जुना त्याकडे वळवणे, छायाचित्र नव्या नावाने पुन्हा चढवणे आणि शोधयंत्राला जुने पान काढण्याची विनंती पाठवणे, ही तीनही कामे झाल्याशिवाय दुरुस्ती पूर्ण झाली असे कळवू नये.

आपले,
लिंगभाव, कायदा आणि भाषांतर या क्षेत्रांत काम करणारे काही वाचक,
पुणे